टिचक्याचं वय

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझं पत्र छापून आलं. संपादकांनी शेवटची तीन वाक्यं कापली, नेमकी तीच धारदार होती. मथळा मात्र बरा दिलाय: 'दया कुणावर, आणि कुणाच्या जिवावर?'

सरकार म्हणे नवा कायदा आणतंय. अठरा ते एकवीस वर्षांच्या आरोपींना मोठ्या तुरुंगात धाडायचं नाही, त्यांचा वेगळा विचार करायचा. शिक्षा अर्धी, वर शिक्षण आणि समुपदेशन. चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि वर त्याची पाठ थोपटायची. मी लिहिलंय, आठ वर्षांचं पोर खोटं बोलतं तेव्हा खोटं म्हणजे काय हे त्याला पुरतं ठाऊक असतं. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होते. मुलं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

चहाच्या वेळी मुलाने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सूनबाई म्हणाली, "छान लिहिलंय, आई." नात कॉलेजला निघाली होती. बूट घालता घालता म्हणाली, "आजी, तुझ्या राज्यात मी केव्हाच आत गेले असते." सगळे हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर जिवाला घोर. नातीच्या स्कूटरची धडक एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला बसली. त्याचं मनगट मोडलं. हिच्या हातात फोन होता म्हणे, पण ते काही कुणी लिहून घेतलेलं नाही. मुलगा लगोलग पोलीस चौकीत गेला आणि तासाभरात सगळं मिटवून आला. तिथला अधिकारी ओळखीचा निघाला, म्हाताराही भला, त्याने प्रकरण ताणलं नाही.

पोरगी रात्री जेवली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, एकोणीस म्हणजे काय वय आहे का? चुका याच वयात होतात. आयुष्य पडलंय पुढे. तर भिंतीकडे तोंड करून निजली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद झाला. विषय तोच, नवा कायदा. पत्र वाचून मला बोलावलं होतं. खुर्च्या भरल्या होत्या, मागे लोक उभे होते.

समोरच्या बाजूने बोलायला एक परिवीक्षा अधिकारी होती. आरोपीच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे तिचं काम. चाळिशीची, किरकोळ बाई. खांद्यावरची कापडी पिशवी बोलतानाही उतरवली नाही. मी मनात तिचं नाव पिशवीवाली ठेवलं. अडखळत बोलत होती. म्हणाली, "एक मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा, दुसरा अठरा वर्षं एक महिन्याचा. दोघांनी मिळून एकच कुलूप फोडलं. पहिल्याला सुधारगृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसऱ्याला साठ जणांच्या कोठडीत दहा वर्षं. मधल्या दोन महिन्यांत दुसऱ्याच्या डोक्यात काय बदललं, ते मला कुणीतरी सांगा."

मी उठले. म्हटलं, "रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पस्तीसला पास, चौतीसला नापास. चौतीसवाला रडला म्हणून परीक्षा रद्द करत नाहीत." टाळ्या थांबेनात.

पिशवीवाली माझ्याकडे पाहून म्हणाली, "चौतीसवाल्याला तुम्ही एकदाही एक गुण वाढवून दिला नाही, बाई?"

लोक हसले. हे काय उत्तर झालं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घ्या. मी म्हणतच होते. सोमवारी धान्याच्या गोदामावर तिघांनी दरोडा घातला. पहारेकऱ्याच्या तोंडावर लोखंडी कांब मारली, त्याचा डावा डोळा गेला. तिघेही पकडले गेले. अठरा, वीस, बावीस. छायाचित्रात तोंडावर फडकी.

आता पिशवीवालीने त्या पहारेकऱ्याला जाऊन रेघेच्या गोष्टी सांगाव्यात. लगेच दुसरं पत्र लिहिलं आणि मुलाकडून पाठवून दिलं.

६ मार्च, शुक्रवार

न्यायालयाचा माणूस समन्स घेऊन दारात. शेजारी गॅलरीत येऊन बघत होते. सत्तर वर्षांत ही पहिली वेळ.

प्रकरण असं: त्या तिघांतला सर्वांत लहान माझ्या शाळेचा निघाला. त्याचा वकील म्हणतो, मुलगा अठराचा नाहीच, अल्पवयीन आहे, त्याला मोठ्यांच्या न्यायालयात उभा करू नका. शाळेच्या प्रवेश-नोंदवहीप्रमाणे घटनेच्या दिवशी तो अठरा वर्षं आठ महिन्यांचा होता. जन्माचा दाखला कुठेच नाही, आणि दुसरा कागद नसला की शाळेची नोंद हीच ग्राह्य. नोंद माझ्या अक्षरातली, म्हणून मी साक्षीला.

माझ्या नोंदवहीवर शंका! तिच्यात खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. तपासणीला आलेले साहेब ती इतर शाळांना नमुना म्हणून दाखवायचे.

पोराचं नाव वाचून चेहरा आठवेना. मग आठवला. टिचक्या. हे नाव मीच ठेवलं होतं, इतका टीचभर. पहिलीत पहिल्या बाकावर बसायचा, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. बाकीच्यांचे दुधाचे दात पडत होते, याचे सगळे जागच्या जागी. पेन्सिल मुठीत धरायचा. दुपारी हमखास पेंगायचा. अभ्यासात ढ. तिसरीपासून मोठ्या पोरांच्या मागे मागे, त्यांनी सांगितलं की भिंतीवरून उडी मार की हा मारणार. दोनदा हात मोडून घेतला.

शेवटी वाईट वळणाला लागलाच. पालथ्या घड्यावर पाणी.

८ मार्च, रविवार

टिचक्याची आई आली होती. इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करते, अजून तिथेच आहे. मी बस म्हटलं तरी उभीच राहिली.

म्हणाली, "बाई, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तेवढं सांगा तिथे."

"काय ठाऊक आहे मला?"

"तो साडेचारचा होता. तुम्ही म्हणालात, सहा पूर्ण असल्याशिवाय पहिलीत घेता येत नाही. मी रडले. मग तुम्हीच तारीख टाकलीत."

मी कडाडले. म्हटलं, पोराने माणसाचा डोळा फोडलाय आणि तू माझ्याकडे बोट दाखवतेस? कुणी शिकवून पाठवलं तुला? तिने पदराने तोंड पुसलं आणि जिना उतरून गेली. सूनबाईने आणलेला चहा तसाच गार झाला.

आता खोटं कशाला लिहू, ही वही दुसरं कोण वाचणार आहे?

मला आठवतं. लाँड्रीत ती त्याला टेबलाच्या पायाला जुन्या साडीने बांधून कामाला उभी राहायची. तिथल्या तापलेल्या नळाला चिकटून त्याचा दंड भाजला होता. जखमेवर पट्टी तशीच, आणि ही माझ्या टेबलासमोर. बालवाडी आमच्याकडे नव्हती. मी विचारलं, जन्म कधीचा? म्हणाली, आमचा संप मिटला त्या आठवड्यातला, थंडीतला. मी बोटांवर मोजलं. दीड वर्ष कमी पडत होतं. शाळा सुरू होण्याचा जो दिवस, त्याच दिवशी सहा पूर्ण, अशी तारीख लिहून टाकली.

सगळ्याच शाळा तेव्हा असं करत. कागद नसलेल्या प्रत्येक पोराला आम्ही तीच तारीख देत असू. माझ्या नोंदवहीत वर्षाला दहा-पंधरा वाढदिवस एकाच दिवशी यायचे. ती मुलं नाहीतर रस्त्यावर राहिली असती. मी चांगलंच केलं. आजही पट्टी बांधलेलं पोर कुणी समोर आणलं तर तेच करीन.

पण ही तारीख पुढे तुरुंगाच्या दारावर लावली जाईल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

१० मार्च, मंगळवार

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "सोपं आहे, आई. आठवत नाही म्हण. या वयात कुणालाच आठवत नाही. नोंद बोलेल, तू कशाला बोलतेस?"

"शपथ घेऊन?"

"विसरणं हा काही गुन्हा नाही. उद्या तू खोट्या नोंदी केल्या असं छापून आलं तर बाहेर तोंड दाखवता येईल का आम्हाला? एका दरोडेखोरासाठी?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि पोराने कांब मारली ती मारलीच. साडेचारचा असो नाहीतर सहाचा.

नात भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, "बाबा चौकीत गेले होते तेव्हा मी बाहेर उभी होते. आत ते म्हणाले, 'साहेब, पोर आहे.' मला बाहेर ऐकू आलं. मी एकोणीसची आहे, आजी."

हे आत्ता मध्येच कशाला काढलं, कळलं नाही. परीक्षा जवळ आलीय, चिडचिड होत असेल.

१३ मार्च, शुक्रवार

पिशवीवालीच्या कार्यालयात गेले. तळघरात आहे. एक टेबल, तीन कपाटं, एकाचं दार दोरीने बांधलेलं. खिडकीतून माणसांचे फक्त पाय दिसतात. मला वाटलं होतं, ही बाई आता मला चांगलं ऐकवणार. तिने खुर्ची पुसून दिली.

मी विचारलं, माझ्या साक्षीने नेमका काय फरक पडेल? तिने सरळ सांगितलं. नोंद टिकली तर मोठं न्यायालय, दहा वर्षं धरून चला. नोंद मोडली आणि तो अल्पवयीन ठरला तर सुधारगृह, तीन वर्षं, तिथे काम शिकवतात. "डॉक्टरांनी हाडं तपासली तरी ते सतरा ते एकोणीस एवढंच सांगतात, बाई. हाडांवर तारीख नसते."

"आणि तो आत्ता कुठे आहे?"

"मोठ्यांच्या तुरुंगात. बाकीच्या दोघांबरोबर, एकाच कोठडीत. त्यांनीच त्याच्या हातात कांब दिली होती. आता तेच त्याला जबाब कसा द्यायचा ते शिकवताहेत."

तिने टिचक्यावर अहवाल तयार केलेला, अठरा पानांचा. न्यायालयाने मागवलेलाच नाही, कारण कागदावर तो मोठा आहे आणि मोठ्यांचा अहवाल मागवायची पद्धत नाही. मी म्हटलं, "मग लिहिलात कशाला?" ती म्हणाली, "पुढेमागे कुणी विचारलंच तर."

जिना चढताना अंगाचा भडका उडाला होता. नक्की कुणावर, ते समजत नव्हतं. हाडं बघायची नाहीत, आईला विचारायचं नाही, अहवाल वाचायचा नाही. एका बाईने घाईत लिहिलेली एक ओळ, ती मात्र ब्रह्मवाक्य. हा न्याय? यापेक्षा आमची सहामाही परीक्षा बरी.

२४ मार्च, मंगळवार

साक्ष झाली.

सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. शेजारी एक माणूस, काळा चष्मा, गालावर टाक्यांचा व्रण. पन्नाशीचा असेल. तोच पहारेकरी. मी कोण हे त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

म्हणाला, "तुम्ही त्या पोराचं वय कमी करायला आलात ना?"

मी म्हटलं, "खरं काय ते सांगायला आलेय."

"सांगा की. महिना झाला, इथे सगळे त्याच्या वयाचंच बोलतात. मी तीनदा आलो. मला अजून कुणी विचारलं नाही की बाबा, तुला दिसतं का?"

तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

आत सरकारी वकिलाने नोंदवही माझ्यापुढे धरली. "हे अक्षर आपलं?"

"माझंच."

"तारीख आपण लिहिलीत?"

"मी लिहिली. ती खरी नाही."

दालनात कुजबुज झाली. तो जवळ आला. "म्हणजे सरकारी नोंदवहीत आपण जाणूनबुजून खोटं लिहिलंत?"

"हो. मुलगा साडेचारचा होता. सहाचा लिहिला."

"कशासाठी?"

"आई कामावर त्याला टेबलाला बांधून ठेवायची. भाजला होता. शाळेत घ्यायचं होतं."

"अशा आणखी किती नोंदी केल्यात?"

"पुष्कळ."

त्याने खिशातून कात्रण काढलं. माझंच पत्र. आठ वर्षांच्या पोराला खोटं म्हणजे काय ते ठाऊक असतं, हे वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणि पन्नाशीच्या मुख्याध्यापिकेला?"

लोक हसले. न्यायाधीशही हसू दाबत खाली बघत होते. मी म्हटलं, "तिलाही ठाऊक असतं. म्हणूनच आज सांगतेय." पण तोवर तो जाऊन बसला होता.

बाहेर टिचक्या शिपायाबरोबर उभा. ओठावर विरळ मिशी. उंची मात्र शिपायाच्या खांद्याला लागत होती, तेवढीच. शिपायाने दोन मिनिटं बोलू दिलं. मला वाटलं पाया पडेल, रडेल.

तो म्हणाला, "बाई, म्हणजे वर्गातली बाकीची पोरं माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी होती?"

"हो."

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

"मला वाटायचं मीच बुद्दू आहे."

मी म्हटलं, "सरळ उभा राहा. पोक काढू नकोस." तो सरळ उभा राहिला.

२५ मार्च, बुधवार

पहिल्या पानावर. 'मुख्याध्यापिकेची कबुली: नोंदी खोट्या.' मुलगा आज कामावर गेला नाही. माझ्याशी बोललाही नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

निकाल आला. पिशवीवालीने फोनवर वाचून दाखवला. मी दोनदा वाचायला लावला.

'साक्षीदाराने स्वतःच खोटी नोंद केल्याचे मान्य केले आहे. अशा साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. शाळेची नोंद मात्र अधिकृत व नियमित असल्याने ती ग्राह्य धरण्यात येते.'

म्हणजे मी खोटारडी, म्हणून माझं खरं खोटं. आणि मी लिहिलेलं खोटं तेवढं खरं, कारण त्यावर शिक्का आहे. हे काय गौडबंगाल आहे? तिसरीतलं पोर असा निबंध लिहून आणतं तर मी वही परत फेकली असती. हे लोक काळे कोट घालून, उंच खुर्चीवर बसून हे लिहितात, आणि आपण मान खाली घालून ऐकायचं.

टिचक्या मोठ्यांच्या तुरुंगातच राहणार. खटला तिथेच चालणार.

दुपारी शिक्षण कार्यालयाची नोटीस. खोट्या नोंदींबद्दल खुलासा सात दिवसांत द्यावा. म्हणजे हे लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तर! खोटं लिहिलं म्हणून नोटीस काढण्यापुरता, बरोबर.

१९ एप्रिल, रविवार

पिशवीवाली आणि टिचक्याचा वकील घरी आले. वकील पोरसवदाच, नातीहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा. वरच्या न्यायालयात जायचं म्हणतात. पण माझ्या एकटीच्या शब्दाला आता किंमत नाही. माझ्या त्या तारखेचे इतर विद्यार्थी पुढे आले, आपलाही जन्मदिवस असाच बेतलेला आहे असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तर नोंदवहीच मोडते.

"ते का देतील?" मी विचारलं. "त्यांच्या नोकऱ्या त्या तारखेवर आहेत."

"म्हणून तर तुम्ही विचारायचं, बाई."

ते गेल्यावर मुलगा आला, म्हणाला, "आता पुरे. घर रस्त्यावर आणणार आहेस का?" मी म्हटलं, "अर्धं आणलंय, उरलेलं आणते." तो दार आपटून गेला. लहानपणीही असंच आपटायचा.

नात वही-पेन घेऊन समोर बसली. "नावं सांग." मला आठवत गेली. कोण कुठल्या बाकावर बसायचं, कुणाचे किती दात पडलेले होते, ते सगळं. संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाली. माझं तर डोकंच गरगरायला लागलं.

२७ एप्रिल, सोमवार

आठवडाभर फिरतेय. नात स्कूटरवर नेते, आता फोन पिशवीत टाकून. चौतीस घरं झाली. बँकेतल्या एकाने दारच उघडलं नाही. एकीने चहा दिला आणि हात जोडले: "बाई, तुम्ही शिकवलंत म्हणून नर्स झाले. पण मला यात ओढू नका." तिचं चुकलं म्हणवत नाही. एकाच्या बायकोने तर सरळ शिव्या दिल्या. एका वीस वर्षांच्या आगाऊ पोराने विचारलं, "दरोडेखोराला सोडवायला आमचे कागद खराब करायचे?" मी दीड महिन्यापूर्वी हेच विचारत होते, तेव्हा बरोबरच वाटत होतं.

आज अग्निशमन दलातला एकजण भेटला. दांडगा गडी, हातावर भाजल्याचे डाग. वर्गात हा शेवटच्या बाकावर कागदाची विमानं करायचा. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बायको दरवर्षी त्या दिवशी केक आणते. आता तिला काय सांगू?"

"खरा दिवस तुझ्या आईला विचार."

"आई गेली." थोडा वेळ हेल्मेटचा पट्टा पिळत बसला. "तो टिचक्या ना? भिंतीवरून उडी मारायला त्याला मीच सांगायचो. आम्हाला मजा वाटायची." मग म्हणाला, "आणा तो कागद."

पहिली सही.

२२ मे, शुक्रवार

एकोणीस झाल्या. एकशे बारांतल्या एकोणीस. पस्तीस काय, वीसही नाहीत. वकील म्हणतो, पुरे आहेत. नर्स काल स्वतः आली, नवऱ्याला न सांगता. मुलगा जेवताना नुसतं विचारतो, "आज किती?"

१७ जुलै, शुक्रवार

वरच्या न्यायालयाचा निकाल. एकोणीस प्रतिज्ञापत्रं, आणि पिशवीवालीने शोधून काढलेली संप मिटल्याची जुनी बातमी. नोंदवही विश्वासार्ह नाही, संशयाचा फायदा मुलाला. घटनेच्या दिवशी सतरा वर्षं दोन महिने. आजच त्याला मोठ्या तुरुंगातून हलवलं. पुढचं बाल न्याय मंडळ ठरवेल.

पाच महिने तो त्या दोघांबरोबर राहिला, ते कोण परत घेणार? त्याच कोठडीत अठरा वर्षं एक महिन्याचे आणखी किती असतील, ज्यांच्या बाईंनी तारीख बरोबर लिहिली? त्यांच्यासाठी कोण जाणार? पिशवीवालीला विचारलं तर म्हणाली, "त्यासाठीच तो कायदा होता, बाई."

तो मसुदा समितीने काल पुढच्या अधिवेशनावर ढकलला. तिसऱ्यांदा. मी संपादकांना पत्र पाठवलं होतं, कायद्याच्या बाजूने. परत आलं. 'आपली भूमिका बदलल्याने वाचकांचा गोंधळ होईल.' वाचकांचा गोंधळ! तो व्हायलाच हवा आहे. आता समितीलाच लिहिणार आहे, प्रत्येक सदस्याला वेगळं. नात टंकून देते म्हणाली. मग म्हणाली, "आधी माझं ऐक. मी त्या सायकलवाल्या आजोबांकडे जाऊन आले. त्यांचं मनगट अजून वळत नाही. फोन माझ्या हातात होता, हे मी त्यांना सांगितलं."

"कशाला गं? सगळं मिटलं होतं."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी चष्मा पुसायला घेतला.

११ ऑगस्ट, मंगळवार

पिशवीवाली सहज बोलून गेली म्हणून कळलं. प्रकरण मंडळाकडे गेलं, तर पहारेकऱ्याचा भरपाईचा अर्ज मोठ्या न्यायालयाने परत पाठवला. 'आता हे आमच्याकडे नाही.' आणि मंडळाकडे म्हणतात, नव्याने करा, नवा डॉक्टरी दाखला आणा. डोळा पुन्हा गेलाय की काय, हे तपासायचं असेल. त्याची नोकरीही गेली. एका डोळ्याचा पहारेकरी कोण ठेवतो?

हे माझ्यामुळे झालं. माझ्याच साक्षीने फाइल इकडची तिकडे गेली.

सकाळी त्याच्या खोलीवर गेले. दारात बसला होता. मला पाहून उठला नाही. मी म्हटलं, अर्ज लिहून देते, बरोबर येते. तो म्हणाला, "तुम्ही त्याचं वय कमी केलंत. माझं काय कमी करणार?"

"काही नाही. पण कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाशी भांडायला मला चांगलं येतं."

तो हसला नाही. आत जाऊन सदरा घालून आला.

मंडळाच्या कार्यालयात खिडकीतला कारकून म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. अकरा वाजता. मी त्याला विचारलं, कोणत्या घड्याळाने? त्याने मुकाट टोकन दिलं. मी बाकावर पहारेकऱ्याशेजारी जाऊन टेकले आणि समितीच्या पत्राचं बोलायला लागले, त्यात पहिल्याच परिच्छेदात त्याचं लिहिणार आहे म्हणून. तो समोर बघत राहिला. मला वाटलं, ऐकायचंच नसेल. बरोबरच आहे त्याचं.

मग तो मान न वळवता म्हणाला, "बाई, त्या बाजूला बसू नका. तिकडचं मला दिसत नाही. बोलायचं असेल तर इकडे येऊन बसा."

मी उठले आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. आमच्या पुढे अजून चौदा जण होते.